माशांची पिल्लं दर खेपेला मरतात? कोणत्या दिवशी मरतात ते आधी पाहा

जोडी जमली, अंडी पडली, पिल्लंही निघाली. चार-पाच दिवस टाकी भरलेली दिसली आणि मग पिल्लं कमी होत गेली. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्याही खेपेला तेच. घरी मासे वाढवणाऱ्यांची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे. तिच्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात: थोडं मीठ टाका, औषध टाका, खाणं बदला, जोडी बदला. यातला एखादा कधीतरी लागू पडतोही, पण तो का लागू पडला हे कळत नाही आणि पुढच्या खेपेला गाडी पुन्हा तिथेच अडते.

पिल्लं वाटेल तेव्हा मरत नाहीत. प्रत्येक कारणाची आपली वेळ असते. भुकेने जाणारं पिल्लू पोहायला लागल्यावर दोन-चार दिवसांत जातं. अमोनिया हळूहळू साठतो, त्यामुळे त्याचा फटका बहुतेक वेळा आठवड्यानंतर दिसतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पाणी बदलल्यावर काही तासांत मारतं. त्यामुळे औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी एक वही घ्या आणि तीन तारखा लिहा: अंडी कधी पडली, पिल्लं कधी फुटली आणि ती आडवी होऊन मोकळी पोहायला कधी लागली. तिसरी तारीख सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच कोणी लिहून ठेवत नाही. त्यानंतर रोज मेलेली किती, दिसेनाशी झालेली किती, पाण्याचं तापमान किती आणि पाणी कधी बदललं, एवढंच लिहायचं. एका खेपेची अशी नोंद झाली की निम्मं निदान झालंच म्हणून समजा.

तुलनेसाठी काही जातींचं वेळापत्रक देतो. झेब्रा डॅनिओची अंडी २८ अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत फुटतात आणि अंडी पडल्यापासून साधारण पाचव्या दिवशी पिल्लं पोहू-खाऊ लागतात. फायटरची अंडी २७-२८ अंशांना एक ते दोन दिवसांत फुटतात. पिल्लं पुढे दोन-तीन दिवस बुडबुड्यांच्या घरट्याखाली शेपटी खाली करून लटकतात आणि मग आडवी पोहतात. एंजलची अंडी त्याच तापमानाला दोन-अडीच दिवसांत फुटतात, पण मोकळं पोहायला आणखी चार-पाच दिवस लागतात. गोल्डफिश थंड पाण्यातला, त्याची अंडी फुटायला तीन ते पाच दिवस लागतात. कॉरीलाही तितकेच. पाणी गार असेल तर सगळं लांबतं, गरम असेल तर लवकर उरकतं. म्हणून तापमान न लिहिता नुसते दिवस मोजले तर हिशेब चुकतो.

अंडीच फुटत नाहीत

इथे पहिला प्रश्न असा की अंडी पांढरी कशी पडली: सगळी एकदम, की एका कोपऱ्यातून पसरत?

फळलेलं अंडं पारदर्शक किंवा फिकट मधाच्या रंगाचं राहतं. भिंगातून पाहिलं तर फुटण्याआधी आत दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. न फळलेलं अंडं चोवीस तासांच्या आत अपारदर्शक, खडूसारखं पांढरं होतं. सगळीच अंडी पहिल्या दिवशीच अशी झाली तर औषधाचा काही उपयोग नाही, कारण ती फळलेलीच नव्हती. एंजल पाळणाऱ्यांनी इथे एक गोष्ट तपासायलाच हवी: नर नसेल तर दोन माद्याही जोडी करतात, पान साफ करतात, दोघी अंडी घालतात आणि राखणही करतात. बाहेरून सगळं आदर्श जोडीसारखं दिसतं. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली बाहेर येणारी नळी पाहा. नराची बारीक आणि टोकदार असते, मादीची जाड आणि बोथट. दोघांचीही जाड असेल तर प्रश्न तिथेच संपला.

नर आहे आणि तरीही अंडी फळत नसतील, तर नर कोवळा असू शकतो (त्याला दोन-तीन खेपा द्या), फिल्टरचा झोत अंड्यांच्या जागेवर इतका जोरात पडत असेल की शुक्राणू वाहून जातात, किंवा पाणी त्या जातीसाठी फार जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांत हे शेवटचं कारण वारंवार भेटतं. मोठे निऑन जड पाण्यात मजेत राहतात, पण त्यांच्या अंड्यांना ते पाणी चालत नाही. निऑनच्या अंड्यांना उजेडही सोसत नाही, टाकी झाकून ठेवावी लागते.

एका जागेपासून पांढरेपणा पसरत असेल आणि अंड्यांवर कापसासारखे तंतू दिसत असतील तर ती बुरशी. बुरशी आधी मेलेल्या अंड्यावर बसते आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्याला वेढते. म्हणून खरा उपाय म्हणजे पांढरी अंडी ड्रॉपरने किंवा सुईच्या टोकाने उचलून काढणं, दिवसातून दोनदा. जोडीला मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं निळं औषध, पाणी फिकट निळं दिसेल इतकंच. त्यातून अंडी दिसेनाशी झाली तर ते जास्त झालं. आणि हे लक्षात ठेवा की मिथिलीन ब्लू बुरशीबरोबर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं. त्याचा हिशेब दुसऱ्या आठवड्यात चुकवावा लागतो, तो मुद्दा पुढे येईलच.

अंडी रातोरात गायब होत असतील तर ती खाल्ली गेली. डॅनिओसारखे अंडी विखुरणारे मासे आपली अंडी दिसली की खातात, त्यात त्यांचा स्वभाव बदलायची वाट पाहण्यात अर्थ नाही. तळाला गोट्यांचा थर किंवा जाळी ठेवा म्हणजे अंडी तोंडाच्या टप्प्याबाहेर पडतात, आणि सकाळी उजेड झाल्यावर अंडी पडली की मोठे मासे बाहेर काढा. एंजलसारख्या राखण करणाऱ्या जातींत नवी जोडी पहिल्या काही खेपांना अंडी खाते, तिथे मात्र धीर धरण्यात अर्थ आहे. टाकीसमोरची ये-जा, अचानक लागणारा दिवा, शेजारी फिरणारे दुसरे मासे, हे थांबवलं तर पुष्कळदा जोडी शांत होते.

फुटतात, पण वर येत नाहीत

पिल्लं फुटली, शेपट्या वळवळतात, पोटाला पिवळसर पिशवी आहे आणि ती तळाशी किंवा पानाला चिकटून आहेत. हे आजारपण नाही. त्या पिशवीतला बलक संपेपर्यंत त्यांना अन्न लागत नाही. या दिवसांत टाकलेलं प्रत्येक खाणं तळाशी कुजतं. माझ्या मते घरच्या टाकीत सगळ्यांत जास्त पिल्लं या घाईमुळे जातात, कारण पोहायला लागण्याआधीच पाणी बिघडलेलं असतं.

खरी अडचण आहे ती बलक संपल्यावरही तळाशी सरपटत राहणाऱ्या पिल्लांची. ती उडी मारून वर जातात आणि दगडासारखी परत खाली येतात. त्यांच्या पोहण्याच्या पिशवीत हवा भरलेली नसते. अनेक जातींच्या पिल्लांना ही हवा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन गिळावी लागते. झेब्रा डॅनिओत हे चांगलं अभ्यासलेलं आहे. पृष्ठभागावर तेलकट साय धरली असेल तर इवल्याशा तोंडाला ती फोडता येत नाही. आडव्या नजरेने पाण्याच्या पातळीकडे पाहा: इंद्रधनुष्यी झाक किंवा धुळीचा न हलणारा थर दिसला तर कारण सापडलं. टिपकागद पृष्ठभागावर अलगद पसरून ओढून घ्या, साय त्याच्याबरोबर निघते. एअरस्टोनचे (हवेच्या पंपाला जोडलेल्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे मंद पण सतत चालू ठेवा म्हणजे साय पुन्हा धरत नाही. पाण्याची उंची १०-१५ सेंटिमीटरच ठेवली तर पिल्लांचा वरपर्यंतचा प्रवासही छोटा होतो. तापमान वरखाली होणं हे याचं दुसरं कारण. सगळीच पिल्लं सरपटत असतील तर पाणी तपासा. शंभरातली पाच-दहा असतील तर ती तशीच राहतात आणि वाचत नाहीत.

पोहायला लागल्यावर दुसरा ते पाचवा दिवस: भूक

तुमच्या वहीत मृत्यू या दिवसांत असतील तर नव्वद वेळा विचार करण्याआधी एकच शंका घ्या, पिल्लं उपाशी आहेत. समोर खाणं तरंगत असूनही उपाशी असू शकतात, कारण ते तोंडात मावत नाही किंवा त्यांना ते खाणं वाटतच नाही.

तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. खोलीतला दिवा मालवा, टाकीच्या मागून टॉर्च धरा आणि भिंगातून पिल्लाचं पोट पाहा. पिल्लू काचेसारखं आरपार असतं, त्यामुळे पोटात जे आहे ते दिसतं. ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) खाल्लेल्या पिल्लाचं पोट फुगीर आणि स्पष्ट नारिंगी दिसतं. सूक्ष्मजीव खाल्लेल्याचं करडं आणि गोल. उपाशी पिल्लाचं पोट आत ओढलेलं असतं, डोकं धडापेक्षा मोठं वाटतं आणि ते पाण्यात एकाच जागी थरथरत राहतं. खाणं दिल्यावर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस पोटं पाहा. निम्मी रिकामी असतील तर डबा उचलून कितीही वेळा पावडर टाकली तरी फरक पडणार नाही, खाणंच बदलावं लागेल.

आकाराचं गणित असं आहे. नुकतेच फुटलेले ब्राइन श्रिम्प साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरचे असतात. एंजल आणि गोल्डफिशची पिल्लं ते पहिल्या घासापासून खातात. फायटरची बहुतेक पिल्लं खातात, काही लहानखुरी एक-दोन दिवस मागे राहतात. टेट्रा आणि बहुतेक गुरामींच्या पिल्लांचं तोंड मात्र इतकं बारीक असतं की त्यांना सुरुवातीला इन्फुसोरियाच लागतो, म्हणजे पॅरामिशियमसारखे डोळ्यांना जेमतेम जाणवणारे जीव. या दोन्हींच्या मधली सोय म्हणजे व्हिनेगर ईल नावाचे सूक्ष्म कृमी. लांबीला दीड-दोन मिलिमीटर पण जाडीला दोऱ्याहूनही बारीक, आणि पाण्याच्या वरच्या भागात जिवंत वळवळत राहतात, त्यामुळे वरच्या थरात राहणाऱ्या पिल्लांना ते सापडतात. मायक्रोवर्म हे दुसरे सूक्ष्म कृमी तळाला जातात. कॉरीच्या पिल्लांना ते सोयीचे, फायटरच्या पिल्लांना कमी.

इन्फुसोरियाची बरणी अंडी पडल्यावर भरायला घेऊ नका, तोवर उशीर झालेला असतो. जोडी एकत्र सोडण्याच्या आधीच भरा. जुन्या टाकीतलं पाणी, शेवाळाचा किंवा जावा मॉसचा एक झुपका आणि उकळून मऊ केलेल्या कोबीच्या पानाचा अंगठ्याएवढा तुकडा, बस. बरणी दोन-तीन दिवसांत दुधाळ होईल आणि वास मारेल. हा जिवाणूंचा काळ आहे, हे पाणी पिल्लांना द्यायचं नाही. आणखी काही दिवसांनी पाणी पुन्हा निवळायला लागतं, कारण सूक्ष्मजीवांनी ते जिवाणू खाल्लेले असतात. आता बरणी उजेडासमोर धरा: धुळीचे बारीक पांढरे कण आपापल्या दिशेने सरकताना दिसतील. ते सरकतात, नुसते तरंगत नाहीत, हीच खूण. पुष्कळ जण दुधाळ पाणीच इन्फुसोरिया समजून टाकीत ओततात आणि दुसऱ्या दिवशी पिल्लं गमावतात.

ब्राइन श्रिम्पबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पिल्लं जगवायचं याहून खात्रीचं साधन मला माहीत नाही. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश तापमान, वर दिवा आणि श्रिम्पची अंडी तळाला बसणार नाहीत इतका जोरात एअर. चोवीस तासांच्या आसपास पाणी नारिंगी होतं. मग एअर बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि जिवंत श्रिम्प उजेडाकडे जमतात. बाटलीच्या एका बाजूला खालच्या अंगाला दिवा धरला तर ते तिथे दाट नारिंगी गोळा होतात. एअरच्या बारीक नळीने तेवढेच ओढून घ्या, दाट कापडात गाळून गोड्या पाण्याने धुवा आणि द्या. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लं ती गिळतात आणि ती पचत नाहीत.

वेळ इथेही महत्त्वाची. फुटल्यावरचे पहिले काही तास श्रिम्प स्वतः काही खात नाही, आपल्याच बलकावर जगतो. तोच बलक पिल्लाच्या पोटात जायला हवा. बाटलीत दीड-दोन दिवस राहिलेले श्रिम्प वळवळताना छान दिसतात, पण आतून बरेच रिकामे झालेले असतात आणि आकारानेही वाढलेले असतात. पिल्लं खातात तर खरी, पण वाढत नाहीत, ही तक्रार आली की मी आधी बाटली कधी लावली होती तेच विचारतो. दोन बाटल्या एक दिवसाआड लावा, किंवा गाळलेले श्रिम्प फ्रिजमध्ये ठेवा. गारव्यात त्यांचा बलक हळू खर्च होतो.

गोड्या पाण्यात श्रिम्प काही तासच जिवंत राहतात, नंतर मरून तळाला पडतात. म्हणून एकदम भरपूर देण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडे द्या. पिल्लं खाणं शोधत लांब जात नाहीत, समोर आलेलं टिपतात. मोठ्या टाकीत मूठभर पिल्लं सोडली तर श्रिम्प एका कोपऱ्यात आणि पिल्लं दुसऱ्या, असं होतं. पहिले आठ-दहा दिवस लहान टाकी, कमी पाणी आणि संध्याकाळनंतरही काही तास मंद दिवा ठेवा. अंधारात त्यांना खाणं दिसत नाही.

डिस्कस या सगळ्याला अपवाद आहे. त्याची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन जगतात. डिस्कसची पिल्लं लगेच वेगळी केली आणि ती मेली, तर बाटलीतल्या श्रिम्पचा त्यात दोष नाही.

दुसरा आठवडा: पाणी

पोटं नारिंगी आहेत, पिल्लं वाढताहेत आणि तरीही आठवड्यानंतर रोज थोडी थोडी मरताहेत. श्वास भराभर, पिल्लं पृष्ठभागाजवळ किंवा एअरस्टोनभोवती जमलेली. आता टेस्ट किट काढा आणि अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा) तिन्ही मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. मोठा मासा जे सोसतो ते पिल्लू सोसत नाही.

असं का होतं ते पाहू. खाणं आणि विष्ठा यांपासून अमोनिया बनतो. मुरलेल्या फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पिल्लांची टाकी बहुधा नवी कोरी असते, आणि अंड्यांसाठी मिथिलीन ब्लू टाकलं असेल तर होते नव्हते तेही जिवाणू गेलेले असतात. वर दिवसाला चार वेळा खाणं. पहिल्या आठवड्यात पिल्लं इवली असतात म्हणून निभावतं, दुसऱ्या आठवड्यात निभावत नाही.

उपाय अंडी पडण्याच्या महिनाभर आधी सुरू होतो. एक जादा स्पंज फिल्टर मोठ्या माशांच्या टाकीत चालू ठेवा. पिल्लं पोहायला लागली आणि निळं पाणी बदलून झालं की तो मुरलेला स्पंज त्यांच्या टाकीत हलवा. तो नळाच्या पाण्याखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. मोटरचा फिल्टर पिल्लांच्या टाकीत नकोच, तो त्यांना ओढून घेतो.

आता एक कोडं सोडवू, कारण ते बऱ्याच जणांना चकवतं. पिल्लं बरी असतात, पाणी जुनं झालं म्हणून तुम्ही बदलता आणि बदलल्यावर ती मरतात. मग निष्कर्ष निघतो की पाणी बदलणंच वाईट. प्रत्यक्षात अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातलं एक फारसं विषारी नाही, दुसरं अतिशय. कोणतं किती, ते पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग साधारण ०.६ टक्के असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास नऊपट. जुन्या पाण्याचा पीएच उतरत जातो, त्यात साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. वरून जास्त पीएचचं ताजं पाणी ओतलं की तोच अमोनिया विषारी रूपात जातो. म्हणजे मारलं साठलेल्या अमोनियाने, आणि आळ आला ताज्या पाण्यावर. म्हणून आठवड्याला एकदा निम्मं पाणी बदलण्यापेक्षा रोज पाचवा-चौथा हिस्सा बदला. अमोनिया साठणारच नाही आणि पीएचचा फरकही पडणार नाही. आधीच साठला असेल तर नवं पाणी एअरच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडा, दोन-तीन तास लावून, तापमान तंतोतंत जुळवून.

पाणी काढतानाही एअरचीच नळी वापरा, टोकाला बारीक कापड बांधून, आणि काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. निसटलेलं पिल्लू पांढऱ्या तळावर लगेच दिसतं. तळ रोज साफ करायचा, त्यात सवलत नाही. म्हणूनच पिल्लांच्या टाकीत वाळू-खडे घालू नयेत, उघड्या काचेवर काय कुजतंय ते दिसतं.

एका रात्रीत सगळी

हळूहळू मरणं आणि एकदम सगळी मरणं यांची कारणं वेगळी असतात. एकदम मेली तर आदल्या बारा तासांत काय घडलं ते आठवा.

नळाचं पाणी थेट घातलं का? साधं क्लोरीन उघड्या बादलीत एअर लावून दिवसभर ठेवलं तर उडून जातं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं, ते असं उडत नाही. त्यासाठी क्लोरामाइनवर चालतं असं स्पष्ट लिहिलेलं कंडिशनर, म्हणजे पाणी माशांसाठी सुरक्षित करणारं द्रावण लागतं. नुसतं थायोसल्फेट हे क्लोरीन घालवणारं साधं रसायन क्लोरीन काढतं पण क्लोरामाइनमधला अमोनिया मागे सोडतं, आणि पिल्लांच्या टाकीत तो सोसणारा फिल्टर असेलच असं नाही.

खोलीत डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारला का? त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीवर झाकण असूनही पिल्लं जातात ती अशी. वीज गेली होती का? लहान टाकी लवकर गार होते आणि एअरही बंद पडतो. हीटर अडकून पाणी फार तापलं का? गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे दाट भरलेल्या टाकीत पहाटेपर्यंत गुदमरणं अगदी शक्य आहे.

प्रेतं नाहीत, फक्त आकडा कमी होतो

मेलेलं पिल्लू सापडत नाही आणि रोज पाच-सात कमी होतात, तेव्हा कोणीतरी खातं आहे. काचेला किंवा पानाला चिकटलेले पाच-सात मिलिमीटरचे, बारीक हात पसरलेले फिकट तंतू दिसतात का पाहा, तो हायड्रा. स्पर्श झाला की तो आखडून टिंबासारखा होतो. श्रिम्प खाऊन तो झपाट्याने वाढतो आणि लहान पिल्लंही धरतो. तो वनस्पतींबरोबर किंवा बाहेरून आणलेल्या जिवंत खाण्याबरोबर येतो. तळ्यातल्या वनस्पतींबरोबर चतुराची अळीही येते. ती एकटी टाकी रिकामी करू शकते. पिल्लं लहान असताना औषधाने हायड्रा मारण्यापेक्षा पिल्लंच दुसऱ्या स्वच्छ टाकीत त्याच पाण्यानिशी हलवणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

नाहीतर खाणारं भावंडच असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही पिल्लं दुप्पट होतात आणि लहानांवर ताव मारतात. आकारानुसार वेगळी करा.

तिसरा ते पाचवा आठवडा, फायटर आणि गुरामी

यांची पिल्लं सुरुवातीला कल्ल्यांनीच श्वास घेतात. तीन-चार आठवड्यांच्या सुमारास हवा घेणारं लॅबिरिंथ अंग तयार होतं आणि ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागतात. पाणी २८ अंश आणि वरची हवा गार, कोरडी, असं असेल तर या वयात ती पटापट जातात. घट्ट झाकण किंवा ताणून लावलेला प्लास्टिकचा कागद, त्याला अगदी थोडी फट, एवढ्याने हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहते. वरून पाण्याची साय इथेही हटवावी लागते. याच वयात अंगावर सोनेरी धुळीसारखी झाक आणि मिटलेले पर दिसले तर तो व्हेल्व्हेट नावाचा परजीवींचा रोग. टॉर्च तिरका धरला तरच तो दिसतो. पिल्लांना तांब्याचं औषध मोठ्यांच्या मात्रेत देऊ नका.

गप्पी, मॉली, प्लॅटी

यांना अंड्यांची भानगड नाही, पिल्लं थेट पोहत जन्मतात आणि ब्राइन श्रिम्पच काय, बारीक चुरलेलं कोरडं खाणंही खातात. इथे पिल्लं मरत नाहीत, खाल्ली जातात. जावा मॉसचा दाट गोळा किंवा तरंगणाऱ्या वनस्पतींची मुळं असली की पुरेशी वाचतात.

एक तक्रार मात्र वेगळी आहे: पिल्लं पोटाशी पिवळी पिशवी घेऊन जन्मतात, तळाला पडतात आणि मरतात. ती अपुऱ्या दिवसांची. गप्पीला साधारण चार आठवडे लागतात, आणि दिवस भरत आलेल्या मादीला पकडून छोट्या पिंजऱ्यात घातलं की ताणामुळे ती आधीच पिल्लं टाकते. मादी हलवायचीच असेल तर आठ-दहा दिवस आधी, वनस्पती भरलेल्या प्रशस्त टाकीत हलवा. तिला पुन्हा नर दाखवला नाही तरी पुढच्या काही खेपा होतात, ती शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे घाई करण्यासारखं काही नाही.

तरीही नाही जमलं तर

एका खेपेत एकच गोष्ट बदला. खाणं, फिल्टर आणि तापमान तिन्ही एकदम बदलली आणि पिल्लं जगली तर आनंदच आहे, पण कशामुळे ते पुढच्या वेळी उपयोगी पडणार नाही. मृत्यूचा दिवस सरकतोय का ते वहीत पाहा. तिसऱ्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी मरू लागली तर खाण्याचा प्रश्न सुटला आणि आता पाण्याचा उरला, म्हणजे तुम्ही पुढेच गेलात. सगळं नीट असूनही ठरावीक वयाला वाकड्या पाठीची, कल्ल्याचं झाकण अपुरं असलेली पिल्लं पुष्कळ निघत असतील, आणि जोडी एकाच विणीतल्या भावंडांची असेल, तेव्हा जोडी बदला. जोडी बदलण्याचा सल्ला मी इतक्या शेवटी देतो, कारण तो बहुतेकांना पहिल्याच दिवशी मिळालेला असतो.

आणि कोणाकडे मदत मागाल तेव्हा नुसतं "पिल्लं मरताहेत" असं सांगू नका. जात, टाकीत पाणी किती लिटर, तापमान, पीएच, अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे, मोकळं पोहायला लागल्यापासूनचा दिवस, पहिलं खाणं कोणतं, शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं, आणि टॉर्चच्या उजेडात पोटं भरलेली दिसली की रिकामी, एवढं सांगा.